फूटपाथचे धुवण

सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या क्लेमेंट स्ट्रीटवर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानांपेक्षा माझे लक्ष पायांखालीच अधिक होते. काँक्रीटच्या करड्या फूटपाथवर काळे, चपटे, साधारण रुपयाच्या नाण्याएवढे ठिपके पडलेले होते. ते सगळीकडे सारखे नव्हते. चालत्या वाटेवर विरळ, बसथांब्याजवळ दाट, आणि रस्ता ओलांडण्यासाठी लोक जिथे सिग्नलची वाट पाहत उभे राहतात तिथे तर बोट ठेवायलाही जागा नाही. डांबराचे शिंतोडे उडाले असावेत असे मी मनाशी धरून चाललो होतो. बरोबरचा मराठी मित्र तिथे वीस वर्षे राहतो. तो हसून म्हणाला, "अरे, हे सगळं चघळून थुंकलेलं च्युइंग गम आहे. आपल्याकडे कोपऱ्यात तांबडं, इथे जमिनीवर काळं!"

ही गोष्ट २०२२ च्या उन्हाळ्यातली. खाडीपलीकडच्या एका प्रयोगशाळेत मी काही महिन्यांसाठी गेलो होतो. माझा विषय पृष्ठभागांचा, म्हणजे एक पदार्थ दुसऱ्याला का चिकटतो आणि कशाने सुटतो, याचा. त्यामुळे पुढे एका सकाळी अशाच एका बाजाररस्त्यावर पाण्याच्या टाकीची गाडी, केरसुण्या आणि फवाऱ्याच्या नळ्या घेऊन कामगार उतरले, तेव्हा मी बस सोडून दिली आणि अर्धा तास पाहत उभा राहिलो. फूटपाथ धुणे हे काम दिसते तितके सरळ नाही. त्यात शालेय भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांतले कितीतरी धडे एकत्र येतात.

आधी त्या शहराची व्यवस्था थोडक्यात सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोत फूटपाथची निगा राखण्याची जबाबदारी कायद्याने त्या फूटपाथलगतच्या मालमत्तेच्या मालकावर आहे. मोठमोठ्या कचेऱ्यांच्या भागात हे जमते. पण वस्त्यांमधल्या छोट्या बाजारपेठांत एक भाजीवाला, त्याला लागून एक बेकरी, पुढे कपडे धुण्याचे दुकान, मग वर्षभर बंद असलेला गाळा, अशी रांग असते. एकाने झाडायचे आणि वाऱ्याने शेजारचा केर त्याच्या दारात आणून टाकायचा! यावर उत्तर म्हणून टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागातल्या दुकानदारांनी १९७० साली एक वेगळी पद्धत सुरू केली. ठरावीक हद्दीतल्या सर्व व्यावसायिकांनी सक्तीची वर्गणी द्यायची आणि त्यातून सफाई, दिवे, झाडे यांची कामे करायची. ही कल्पना अमेरिकेतही पसरली. जिथे अशी वर्गणी गोळा होत नाही किंवा पुरत नाही, तिथे शहराला स्वतः उतरावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने २०२१ मध्ये 'क्लीन कॉरिडॉर्स एसएफ' नावाचा कार्यक्रम सुरू केला तो यासाठीच. आठवड्यातून एक दिवस एक बाजाररस्ता निवडायचा आणि तो कसून स्वच्छ करायचा. आधी केर काढायचा, भिंतींवरची रेघोटी पुसायची, फूटपाथ जोरदार फवाऱ्याने धुवायचा आणि शेवटी रस्ताही धुऊन काढायचा.

यातले शेवटचे दोन शब्द, 'धुऊन काढायचा', जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. काढायचा म्हणजे कुठून काढायचा आणि कुठे टाकायचा? या लेखात मला मुख्यतः याच प्रश्नाकडे यायचे आहे. पण त्याआधी मुळात घाण निघते कशी ते पाहू.

बसलेली, चिकटलेली, मुरलेली

फूटपाथवरची घाण तीन जातींची असते असे मी माझ्या सोयीसाठी म्हणतो. काही नुसती बसलेली असते, काही चिकटलेली असते, काही मुरलेली असते.

बसलेली घाण म्हणजे धूळ. ती सर्वांत सोपी वाटते, पण तशी ती नाही. आपल्या वर्गातल्या छताच्या पंख्याकडे पहा. तो मिनिटाला दोन-तीनशे फेरे घेतो, पात्याच्या टोकाजवळ वारा सुसाट असतो, आणि तरीही महिन्याभराने पात्यावर धुळीचा काळा थर दिसतो. एवढ्या वाऱ्याने ती धूळ उडून का जात नाही? विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारा आणि थोडा वेळ उत्तर सांगू नका.

कारणे दोन आहेत. पहिले असे की वाहणारी हवा असो वा पाणी, घन पृष्ठभागाला अगदी लागून असलेल्या थराचा त्या पृष्ठभागाच्या तुलनेतला वेग शून्य असतो. पृष्ठभागापासून दूर जावे तसा तो वाढत जातो. या मंद थराला सीमास्तर म्हणतात. बारीक कण या थराच्या तळाशी दडून बसलेला असतो. वादळात उभे पीक आडवे होते, पण जमिनीलगतच्या दूर्वांना काही होत नाही, तसाच हा प्रकार. दुसरे कारण आकाराचे आहे. कणाचा व्यास दहापट कमी केला तर त्याला पृष्ठभागाशी धरून ठेवणारे आसंजन बल साधारण दहापट कमी होते, पण त्याला ओढून नेणारे प्रवाहाचे बल शंभरपट कमी होते आणि त्याचे वजन हजारपट. म्हणजे कण जितका लहान तितकी त्याची पकड, ओढीच्या मानाने, घट्ट. खडा पाण्याने वाहून जातो, पीठ मात्र चिकटून राहते. आपल्या आया-बहिणींनी परात धुताना हे केव्हाच ओळखलेले आहे. म्हणून त्या नुसते पाणी ओतत नाहीत, हाताने चोळतात.

झाडूचे महत्त्व नेमके इथे आहे. झाडूची काडी सीमास्तराला जुमानत नाही. ती थेट तळाशी जाऊन कणाला ढकलते. म्हणून फवारा आणण्याआधी कोरडा केर काढणे हे काही जुन्या वळणाचे काम नव्हे. त्याचे आणखीही एक महत्त्वाचे कारण आहे, ते पुढे येईल.

आता फवारा. व्यावसायिक फवाऱ्याच्या यंत्रात पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट असतो. हा आकडा नुसता सांगून कळत नाही, म्हणून गणित करू. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ साधारण एका वातावरणाइतका दाब देतो. दोनशे वातावरणांसाठी २,००० मीटर उंच टाकी लागेल. कळसूबाईची उंची समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे. म्हणजे टाकी कळसूबाईच्या माथ्यावर आणखी साडेतीनशे मीटर उंच मनोरा बांधून त्यावर ठेवायची आणि नळ समुद्रकिनाऱ्यावर सोडायचा. आता नववी-दहावीचे सूत्र वापरा : वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वत्वरण × उंची. उत्तर येते सेकंदाला जवळजवळ २०० मीटर, म्हणजे तासाला सुमारे ७०० किलोमीटर. आपल्या गच्चीवरच्या, दहा मीटर उंचीच्या टाकीचे पाणी घर्षण सोडून दिले तरी सेकंदाला १४ मीटरच्या वर जात नाही. फवाऱ्याच्या तोंडातून निघालेली ही पाण्याची पात पृष्ठभागावर आदळून आडवी पसरते तेव्हा सीमास्तर इतका पातळ होतो की दडलेल्या कणांनाही ओढ बसते.

गंमत अशी की यात पाणी कमी लागते. यंत्र मिनिटाला १५ लिटर पाणी सोडते असे धरले, तर तासाला ९०० लिटर होतात. साध्या नळीने तेवढेच काम करायचे म्हटले तर त्याहून बरेच अधिक जाईल, आणि काम होणार नाही ते वेगळेच. मात्र या शक्तीचा उलट परिणामही होतो. फवारा फार जवळून मारला तर काँक्रीटची वरची गुळगुळीत सिमेंटची साय खरवडली जाते, आतली खडी उघडी पडते, पृष्ठभाग अधिक खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी लवकर मळतो. उत्साही माणसाच्या हाती हे यंत्र देताना हे सांगावे लागते.

आणि ते काळे ठिपके? ते दुसऱ्या जातीचे, चिकटलेले. च्युइंग गमचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा ओळखीचा आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत चिकूच्या झाडाचा चीक काढून, आटवून चघळण्याची प्रथा फार जुनी आहे. आपण डहाणू-घोलवडला ज्याच्या बागा लावल्या तेच हे झाड. १८७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये टॉमस ॲडम्स यांनी या चिकाचा गम विकायला काढला. आता बहुतेक गममध्ये चिकूचा चीक नसतो, त्याच्या जागी पॉलिआयसोब्यूटिलिन, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट अशी कृत्रिम बहुवारिके असतात. यांतले पहिले सायकलच्या ट्यूबमधल्या ब्यूटिल रबराचे जवळचे भावंड. चघळताना गममधली साखर आणि स्वाद लाळेत विरघळून जातो. थुंकला जातो तो रबराचा चिवट गोळा, पाण्यात न विरघळणारा आणि पाण्याला जवळ न करणारा.

हा गोळा पडतो तेव्हा गुलाबी किंवा पांढरा असतो. मग त्यावर बूट पडतात. बहुवारिकाचे लांबलचक रेणू दाब मिळाला की अगदी हळूहळू वाहतात, मध वाहतो तसे, फक्त फार सावकाश. काही आठवड्यांत तो गोळा काँक्रीटच्या छिद्राछिद्रांत शिरतो आणि तिथे त्याला जणू मुळे फुटतात. वर बुटांची काजळी आणि टायरची पूड बसून तो काळा होतो. आता त्यावर कितीही थंड पाणी ओता, काही होत नाही. थंडच करायचे तर पुरते थंड करावे लागते. बर्फाने गम कडक होतो. त्याहून फार थंड केला तर तो काचेसारखा ठिसूळ होऊन तुकड्याने निघतो. कपड्याला लागलेला गम काढायला बर्फ लावतात तो याचसाठी. फूटपाथवर मात्र उलटा मार्ग सोयीचा पडतो : खूप गरम पाणी किंवा वाफ. गम मऊ पडतो, छिद्रातली पकड सैल होते, आणि त्याच क्षणी फवाऱ्याच्या आडव्या धक्क्याने तो सोलला जातो. गरम पाण्याचे आणखीही फायदे आहेत. २० अंशांवरून ८० अंशांवर नेले तर पाण्याची श्यानता जवळजवळ एकतृतीयांश होते, पृष्ठताणही थोडा घटतो, आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांपुढचे थिजलेले तूप-चरबी वितळते. गरम पाण्याचे उच्चदाब फवारायंत्र जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० साली बनवले, तेव्हापासून या कामाची तऱ्हाच बदलली.

तरीही एकेक ठिपका काढायला काही सेकंद जातात, आणि ठिपके असतात हजारो. सिंगापूरने १९९२ साली गमच्या विक्रीवरच बंदी घातली (२००४ मध्ये औषधी गमपुरती ती सैल झाली). ब्रिटनमध्ये २०२१ पासून गमच्या उत्पादकांनीच फूटपाथ सफाईसाठी पाच वर्षांत एक कोटी पौंडांपर्यंत रक्कम द्यायची अशी योजना झाली. दोन्ही उपाय प्रयोगशाळेबाहेरचे आहेत. पण खरे सांगायचे तर आम्हा पृष्ठभागवाल्यांना अजून याहून स्वस्त उपाय सुचलेला नाही.

मुरलेली घाण सर्वांत हट्टी. काँक्रीट डोळ्यांना घट्ट दिसले तरी आतून ते सूक्ष्म केशनलिकांनी भरलेले असते. मूत्र त्यांत शोषले जाते. त्यातल्या युरियापासून जीवाणू अमोनिया तयार करतात, त्याचा वास येतो. वरून धुतले की वास जातो, पण दुसऱ्या दिवशी धुक्याचा ओलावा आला की आतला साठा पुन्हा काम सुरू करतो! सॅन फ्रान्सिस्कोत ऑगस्ट २०१५ मध्ये रस्त्यावरचा एक दिव्याचा खांब कोसळला तेव्हा खांबाचा बुंधा गंजण्यामागे कुत्र्यांचे आणि माणसांचे मूत्र हेही एक कारण असावे असे अधिकाऱ्यांनी सांगितले होते. त्याच वर्षी, हॅम्बुर्गचे पाहून, त्या शहराने काही भिंतींना जलविरोधी लेप लावला. त्याचे तत्त्व अळूच्या पानाचे आहे. पृष्ठभागावर सूक्ष्म खडबडीतपणा आणि त्यावर मेणासारखे आवरण असले की थेंब पसरत नाही, गोळा होऊन उसळतो. भिंतीवर मूत्रविसर्जन करणाऱ्याच्या बुटांवरच ते परत येते. भिंतीला हे ठीक आहे. पण फूटपाथवर रोज हजारो पावले घासतात, तिथे असा नाजूक खडबडीतपणा किती टिकणार?

आपल्या पानाच्या पिचकारीचे काय, असे कोणी विचारीलच. ती या तिसऱ्या जातीतली, पण एक पायरी पुढची. कातातली टॅनिनवर्गीय द्रव्ये चुन्याच्या अल्कधर्मी सान्निध्यात ऑक्सिडीभूत होऊन तांबडी होतात. कात हा खरोखरीचा रंग आहे. त्याने पूर्वी कापड आणि मासेमारीची जाळी रंगवत. तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यात जे झालेले असते तो डाग नव्हे, ते रंगकाम आहे. ते फवाऱ्याने निघत नाही यात नवल काही नाही.

ते पाणी गेले कुठे?

आता मूळ प्रश्न. त्या सकाळी मी पाहत असताना कामगाराने फवारा फूटपाथकडून रस्त्याकडे नेला, काळपट पाण्याचा लोंढा कडेच्या पन्हाळीला लागला, वाहत कोपऱ्यावरच्या लोखंडी जाळीपर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. फूटपाथ चकाकत होता.

जाळीखाली काय आहे यावर सारे अवलंबून असते. शहरांत भूमिगत वाहिन्यांच्या दोन पद्धती असतात. एका पद्धतीत घरांचे सांडपाणी आणि रस्त्यावरचे पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे जाते. तिला एकत्रित पद्धती म्हणतात. दुसरीत सांडपाण्याची वाहिनी वेगळी आणि पर्जन्यवाहिनी वेगळी. पर्जन्यवाहिनी शुद्धीकरण केंद्राकडे जात नाही, ती थेट ओढ्यात, खाडीत किंवा समुद्रात उघडते. सॅन फ्रान्सिस्को शहराचा बहुतेक भाग एकत्रित पद्धतीचा आहे. त्यामुळे तिथे कोरड्या दिवशी जाळीत गेलेले धुवण शुद्धीकरण केंद्रात पोचते. पण खाडीकाठच्याच सॅन होजे किंवा ओकलंडमध्ये तेच धुवण पर्जन्यवाहिनीतून सरळ खाडीत जाईल. यंत्र तेच, कामगार तसाच कसबी, फूटपाथ तितकाच चकचकीत, पण एका ठिकाणी घाण शुद्ध होते आणि दुसऱ्या ठिकाणी ती फक्त बाजारातून उचलून माशांच्या घरात टाकली जाते. म्हणून त्या शहरांत नियम असा, की जाळीत पावसाखेरीज काही जाऊ द्यायचे नाही. धुण्याआधी जाळीभोवती बांध घालायचा, पाणी खेचून टाकीत भरायचे, आणि परवानगी घेऊन सांडपाण्याच्या वाहिनीत सोडायचे. १९७२ च्या अमेरिकी स्वच्छ जल कायद्याच्या चौकटीतून हे नियम आले आहेत.

एकत्रित पद्धती म्हणजे सर्व प्रश्न सुटले असेही नाही. जोराचा पाऊस झाला की वाहिन्या तुडुंब भरतात आणि अर्धवट शुद्ध झालेले मिश्रण खाडीत व समुद्रात सांडते. या सांडण्यावरून शहर आणि केंद्र सरकारची पर्यावरण संस्था यांचे भांडण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला, तो शहराच्या बाजूने.

धुवणात असते तरी काय, याचा उत्तम अभ्यास १९७२ सालचा आहे. जेम्स सार्टर आणि गेल बॉइड यांनी अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या रस्त्यांवरची धूळ गोळा करून चाळण्यांतून चाळली. ४३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण (माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो) वजनाने एकूण धुळीच्या फक्त सहा टक्क्यांच्या आसपास भरले. पण एकूण जड धातूंपैकी निम्म्याहून अधिक वाटा त्या सहा टक्क्यांत होता! शेवाळ वाढवणाऱ्या पोषकद्रव्यांचा तिसरा हिस्सा ते निम्मा भागही त्यांतच. कारण कळायला सोपे आहे : कण लहान तसे वजनाच्या मानाने पृष्ठफळ मोठे, आणि विषारी द्रव्ये पृष्ठभागाला चिकटतात. त्या काळच्या झाडणाऱ्या यंत्रांनी मोठा केर छान उचलला जाई, पण हा बारीक भाग फारच थोडा. म्हणजे यंत्र फिरून गेल्यावर रस्ता स्वच्छ दिसे आणि विष जवळजवळ जागच्या जागी राही. फवारा हा बारीक भागही सुटा करतो, हे आपण वर पाहिलेच. तो सुटा करणे चांगले की वाईट, हे धुवण कुठे जाते यावर ठरते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सिॲटलजवळच्या ओढ्यांत समुद्रातून परतणारे कोहो सामन मासे पाऊस पडला की अंडी घालण्याआधीच तडफडून मरत. वर्षानुवर्षे कारण सापडेना. डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी ते प्रसिद्ध केले. टायर तडकू नयेत म्हणून रबरात एक रसायन घालतात. त्याची हवेतल्या ओझोनशी अभिक्रिया होऊन नवे संयुग बनते, आणि टायरच्या झिजेच्या पुडीबरोबर ते ओढ्यात जाते. अत्यल्प मात्रेतही ते कोहो सामनला मारते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ओढ्यांच्या पाण्यातही ते आढळले. ही पूड फूटपाथवरच्या काळ्या थरातही असते.

धुण्याचे स्वच्छ पाणीसुद्धा निर्दोष नसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नळाच्या पाण्यात २००४ पासून क्लोरामीन घालतात. माणसाला ते सुरक्षित, पण माशांच्या कल्ल्यांना घातक. साबणाचेही तसेच. 'जैवविघटनशील' असे लिहिलेला साबण काही दिवसांनी विघटित होईल, पण मासा तोपर्यंत थांबत नाही. शिवाय ते पाणी येते कुठून? त्या शहराचे सुमारे ८५ टक्के पाणी हेच हेची या दूरच्या पर्वतातल्या जलाशयाच्या व्यवस्थेतून, म्हणजे मुख्यतः वितळलेल्या बर्फातून येते. २०१४ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियाने पिण्याच्या पाण्याने फूटपाथ धुण्यावर राज्यभर बंदी घातली होती आणि दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड ठेवला होता. आरोग्यासाठी आवश्यक तेवढे धुणे त्यातून वगळले होते. मुरलेले मूत्र आणि विष्ठा धुवायलाच हवी. पण धूळ? ती झाडता येते. झाडलेला केर पोत्यात जातो, तोच धुतला की धुवणात. कोरडा केर आधी काढण्याचे दुसरे कारण ते हे.

आणि इथे माझी एक तक्रार आहे. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी ठराव करून रस्ते आणि फूटपाथ यांची स्वच्छता ठरावीक मापाने तपासण्याचे काम शहराच्या लेखानियंत्रकांवर सोपवले. ही गोष्ट मला फार आवडली, आपल्याकडे ती यावी असे वाटले. पण तपासनीस पाहणार ते डोळ्यांना दिसणारे : कागद, काच, विष्ठा, भिंतीवरची रेघोटी. ४३ मायक्रॉनचा कण त्याला दिसणार नाही. दुकानदारालाही दिसत नाही, गिऱ्हाइकालाही नाही. त्यामुळे सफाईचा कार्यक्रम दिसणाऱ्या घाणीच्या मागे धावणार आणि फवाऱ्याचा देखावा झाडूपेक्षा भाव खाऊन जाणार, हे ओघानेच आले. दिसणारी घाण क्षुल्लक आहे असे मला म्हणायचे नाही. ज्या फूटपाथवरून म्हातारी माणसे आणि पाळण्यातली मुले जातात तो विष्ठेने भरलेला नसावा, एवढे तरी हवेच. पण फूटपाथ किती घाण होता याबरोबर धुवणातून काय गेले याचेही माप घेतले असते तर बरे झाले असते.

वर्गात करून पहा

हे माप आपल्या शाळेत घेता येते. व्हरांड्याचे किंवा पटांगणाच्या फरसबंदीचे, उतार असलेले, एकेक चौरस मीटरचे दोन शेजारशेजारचे तुकडे खडूने आखा. एक तुकडा आधी झाडूने चांगला झाडून घ्या आणि केर कागदावर जमवा. दुसरा तसाच ठेवा. मग दोन्हींवर एकेक लिटर पाणी सारख्याच उंचीवरून ओता, ब्रशने सारखेच घासा, आणि उताराच्या तळाशी ओल्या मातीचा छोटा बांध घालून, त्याला आतून प्लॅस्टिकचा कागद लावून धुवण गोळा करा. दोन काचेच्या बरण्यांत ते भरून शेजारी ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत तळाशी काय बसते आणि दुसऱ्या दिवशीही पाणी कितपत गढूळ राहते ते नोंदवा. गाळणकागद आधी वजन करून त्यातून गाळले, वाळवले आणि पुन्हा वजन केले तर आकडेही मिळतील. झाडलेला केरही तोलायला विसरू नका. हाच प्रयोग एकदा मे महिन्यात शिक्षकांनी आणि एकदा जुलैत मुलांनी केला तर फरक मोठा दिसेल. सॅन फ्रान्सिस्कोत पाऊस वर्षाला जेमतेम ६० सेंटिमीटर, तोही हिवाळ्यात. उन्हाळाभर साठलेली घाण पहिल्या पावसात एकदम वाहून जाते. आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्याला येणारे काळे, फेसाळ पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसरा प्रयोग मागोव्याचा. शाळेसमोरच्या रस्त्याचे पाणी कुठल्या जाळीत जाते, आणि तिथून पुढे कुठे? मुंबईसारख्या शहरात पर्जन्यवाहिन्या सांडपाण्यापासून वेगळ्या आहेत आणि खाडीत वा समुद्रात उघडतात. आपल्या गावात काय आहे ते नगरपालिकेच्या अभियंत्यांना विचारून घ्या, बहुधा ते नकाशा दाखवतील. मग पाऊस नसलेल्या दिवशी जाळीत दोन बादल्या पाण्याबरोबर मूठभर झेंडूच्या पाकळ्या सोडा आणि दुसऱ्या गटाने नकाशावरच्या नाल्याच्या तोंडाशी, सुरक्षित अंतरावर, घड्याळ लावून उभे राहावे. जाळी किंवा झाकण मुलांना उघडू देऊ नका. पाकळ्या अर्ध्या तासात आल्या नाहीत तर आणखी दोन बादल्या ओता. गाळाने वाहिनी तुंबलेली असेल तर त्या येणारच नाहीत, आणि मग अभियंत्यांकडे पुन्हा एकदा जावे लागेल.